दिलीपकुमार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (गिरगाव) : युसूफ खान यांनी नाव का बदलले? तेव्हाच्या वातावरणात मुस्लिम नाव अडचणीचे ठरले असते म्हणून का?

तेवढेच कारण धरून चालणार नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेत पडद्यासाठी नवे नाव घेण्याची पद्धत आधीपासून होती. कुमुदलाल गांगुली तिथेच अशोककुमार झाले होते. ‘दिलीपकुमार’ हे नाव संस्थेच्या प्रमुख, अभिनेत्री देविका राणी यांनी सुचवले. शिवाय घरचीही एक अडचण होती. पेशावरहून येऊन फळांचा व्यापार करणाऱ्या वडिलांना सिनेमाचा धंदा मुळीच पसंत नव्हता, त्यामुळे नव्या नावाचा आडोसा मुलाच्या पथ्यावरच पडला. देविका राणींनी देऊ केलेला पगार महिना १,२५० रुपये होता. ही रक्कम वर्षाची असावी, असा आधी दिलीपकुमार यांचा समज झाला होता, यावरून त्या काळात ती केवढी मोठी वाटली असेल ते लक्षात येते.

प्रश्न (ठाणे) : त्यांचा अभिनय मार्लन ब्रँडोच्या पद्धतीवर बेतलेला होता, असे नेहमी वाचतो. हे खरे आहे का?

सनावळी पाहिली तर हे म्हणणे टिकत नाही. ब्रँडो या अमेरिकन नटाचा पहिला चित्रपट १९५० साली आला. त्याआधीच दिलीपकुमार यांचे ‘जुगनू’ (१९४७), ‘शहीद’ (१९४८) आणि ‘अंदाज’ (१९४९) प्रदर्शित झाले होते आणि वाक्याच्या मध्येच थांबण्याची, आवाज चढवण्याऐवजी उतरवण्याची त्यांची लकब त्यांत स्पष्ट दिसते. परदेशी नट त्यांनी आवडीने आणि बारकाईने पाहिले, हे खरे; पण शिकवण इथलीच होती. कॅमेऱ्यापुढे अभिनय ‘करायचा’ नसतो, हे अशोककुमार यांनी सांगितले, आणि पटकथा पुन्हा पुन्हा वाचून पात्राच्या न बोललेल्या गोष्टी शोधण्याची शिस्त ‘मिलन’चे (१९४६) दिग्दर्शक नितीन बोस यांनी लावली. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. मायक्रोफोनपुढे त्याची गरज नाही, हे ज्या थोड्या नटांनी आपल्याकडे लवकर ओळखले, त्यांत त्यांना मी फार वरचे स्थान देतो.

प्रश्न (डोंबिवली) : शोकांतिकांचा बादशहा म्हणून नाव झाल्यावर ते हलक्याफुलक्या भूमिकांकडे का वळले?

प्रकृतीसाठी. एकामागून एक दुःखी नायक रंगवताना ते दुःख घरीही त्यांची पाठ सोडेना, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि वेगळ्या धाटणीच्या भूमिका स्वीकारल्या. फिल्मफेअरची उत्कृष्ट अभिनेत्याची आठ पारितोषिके त्यांना मिळाली. त्यांतली ‘आझाद’, ‘कोहिनूर’ आणि ‘राम और श्याम’ यांची पारितोषिके तर सरळसरळ खेळकर भूमिकांची आहेत. म्हणून ‘ट्रॅजेडी किंग’ हे बिरूद मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. मेहनत मात्र या भूमिकांतही कमी नव्हती. ‘कोहिनूर’मध्ये (१९६०) सतार वाजवतानाची दृश्ये खरी वाटावीत म्हणून ते सतार शिकले, गाण्यात कॅमेरा बोटांवर जातो तेव्हा ती मेहनत दिसते.

प्रश्न (दादर) : मराठी मुलखाशी आणि मराठी साहित्याशी त्यांचा काही संबंध होता का?

होता, आणि तो जवळचा होता. त्यांच्या बालपणाचा काही काळ आणि काही शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीत झाले, पुढे माटुंग्याच्या खालसा कॉलेजात ते शिकले आणि चित्रपटांत येण्यापूर्वी पुण्यात लष्करी कँटीनमध्ये त्यांनी नोकरी केली. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो ‘मशाल’ (१९८४). या चित्रपटाचा आधार म्हणजे वसंत कानेटकर यांचे ‘अश्रूंची झाली फुले’ हे नाटक. रंगभूमीवर प्रभाकर पणशीकर यांनी गाजवलेला प्राध्यापक विद्यानंद १९६९च्या हिंदी चित्रपटात अशोककुमार यांनी साकारला होता. पंधरा वर्षांनी तीच व्यक्तिरेखा, वृत्तपत्राच्या संपादकाच्या रूपात, त्यांच्या शिष्याकडे आली.

त्यातला बॅलार्ड इस्टेटमधला रात्रीचा प्रसंग पुन्हा पाहावा. बेघर झालेला हा संपादक वेदनेने कळवळणाऱ्या पत्नीला, म्हणजे वहिदा रहमान यांना, रस्त्याच्या कडेला ठेवून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करतो. ‘ए भाई’ ही हाक आधी सभ्य माणसाची विनंती असते. मग तिच्यात अजिजी येते, मग राग, आणि शेवटी नुसता फाटलेला आवाज उरतो. शब्द जवळपास तेच राहतात, बदलतो तो त्यांतला माणूस. साठी ओलांडलेला हा नट गाड्यांमागे धावतो, बंद खिडक्यांकडे पाहून हाका मारतो, आणि दगडी इमारतींच्या त्या ओसाड रस्त्यावर एकही दार उघडत नाही. आयुष्यभर आवाज राखून वापरलेल्या नटाने तो इथे संपूर्ण मोकळा सोडला आहे, आणि तरीही एकही हाक पोकळ वाटत नाही.