कवी निसर्गातली रूपकं कशी वापरतात? ती नुसती सजावट असते का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कवितेत नदी, चंद्र, पाखरं येतात ती नुसती सजावट असते का, हा पहिला. आणि ‘चंद्रासारखा चेहरा’ वाचून मनात काहीच का हलत नाही, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं. चांगला कवी निसर्गातल्या वस्तूचं रूप थोडं घेतो, तिची खोड जास्त घेतो. ती वस्तू दिसते कशी यापेक्षा ती वागते कशी, हे त्याच्या कामाचं असतं. चंद्र चेहऱ्यासाठी वापरला की फक्त त्याचा गोलपणा आणि उजेड उरतो, आणि तो आपण हजारदा ऐकलेला असतो.

मी खानदेशातला, म्हणून पहिलं उदाहरण घरचंच देतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर बसल्यावर त्या ओव्या रचायच्या. घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तक निघालं. त्यातलं हे कडवं तुम्ही ऐकलं असेल:

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

‘वढाय’ म्हणजे ओढाळ. आमच्याकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. पण ओढाळ हा शब्द मुळात गुरांचाच आहे. लहानपणी सुट्टीत मी आजोबांच्या शेतावर गुरं राखायचो. त्यात एक भुरी गाय होती. बांधावर हिरवं गवत पायाखाली असायचं, तरी तिचं तोंड शेजारच्या ज्वारीकडे. दगड मारा, काठी उगारा, ती चार पावलं मागे यायची, मान खाली घालून दोन घास खाल्ल्यासारखं करायची. आपली नजर वळली की पुन्हा ज्वारीत. शेवटी आजोबांनी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं. लाकडाचा जड ओंडका, पळायला लागली की पुढच्या गुडघ्यांवर आपटायचा.

आता कडव्यात बघा. मन चंचल आहे एवढंच म्हणायचं असतं तर वारा, वीज, माकड, काहीही चाललं असतं. बहिणाबाईंनी गुराची एक नेमकी खोड उचलली: ते परत येतं. हाकलल्यावर जातं, आणि परत येतं. शिवाय ते ‘उभ्या पिकातलं’ आहे, म्हणजे ज्याचं नुकसान होतंय ते आपण वर्षभर राबून उभं केलेलं आहे. एवढा सगळा अर्थ एका ढोरानं वाहून आणला. आणि लोढणं? ते या कडव्यात नाहीच, इथे फक्त हाकत राहणं आहे. मला ते फार खरं वाटतं.

शाळेतलं व्याकरण इथे उपयोगी पडतं. या ओळींत ‘जसं’ किंवा ‘सारखं’ नाही. मन हेच ढोर, म्हणून हे रूपक. त्याच कवितेत पुढे ‘जशा वाऱ्यानं चालल्या पान्यावरल्या रे लाटा’ येतं, ती उपमा. फरक असा की उपमेत दोन वस्तू शेजारी उभ्या राहतात, रूपकात एक दुसरीत शिरते. पण परीक्षेपुरता हा भेद पाठ करून कविता कळत नाही, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरणही बहिणाबाईंचंच आहे. ‘अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला’. त्यात पिलांसाठी झाडाला झोका टांगते ती मादी. प्रत्यक्षात सुगरण पक्ष्यात घरटं विणतो तो नर. अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पारखते आणि तिला पसंत पडलं तर तो ते पुरं करतो. मग कवयित्रीचं निरीक्षण चुकलं का? मी बरेच दिवस यावर अडलो होतो. पण मराठीनं त्या पक्ष्याचं नावच सुगरण ठेवलं आहे, आणि विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे खालून बघणाऱ्याला नर-मादी कोण हे सहज कळत नाही. त्या कवितेचा सगळा भार ‘तिची उलीशीच चोच’ आणि आपली ‘दोन हात दहा बोटं’ यांच्या तुलनेवर आहे. ती चोच नराची असो की मादीची, इवलीशीच असते. रूपक ज्या सांध्यावर उभं आहे तो सांधा पक्का असावा लागतो. तिथे चूक झाली असती तर कविता पडली असती.

सातशे वर्षं मागे जाऊ. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे १२९०) पहिल्या अध्यायात अर्जुनाचं सांगते. युद्धात ज्यानं भल्याभल्यांना हरवलं तो आप्तांना समोर बघून गळून गेला. हे कसं झालं?

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥

कोरडं लाकूड कौतुकानं पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. पुढच्या ओवीत तर म्हटलंय की तो प्राण सोडेल, पण पाकळी चिरणार नाही. माझ्या गावच्या घराच्या आढ्याला असा काळा, जाड भुंगा दर उन्हाळ्यात भोक पाडायचा. बोट जाईल एवढं गोल भोक, गिरमिटानं पाडल्यासारखं, आणि खाली जमिनीवर पिवळसर भुसा. तो भुसा झाडलेल्या माणसाला ही ओवी वेगळीच लागते. दात आहेत, ताकद आहे, तरी तो ती वापरत नाही. ‘स्नेहापुढे शूरही हतबल होतो’ असं सरळ सांगितलं तर मान डोलावून आपण पुढे जाऊ. इथे मात्र त्या भुंग्यापाशी थांबावंच लागतं.

तुकोबांचं ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ तर म्हणच होऊन बसलं आहे. पूर ओसरल्यावर नदीकाठी जाऊन बघा, लव्हाळं चिखलानं माखून आडवं पडलेलं असतं, चार दिवसांत पुन्हा उभं.

चकोर चांदणं पितो, चातक फक्त पावसाचं पाणी पितो, हे मात्र वेगळं. हे कवींनी आपसांत ठरवून घेतलेले संकेत. ते कोणी डोळ्यांनी बघितलेले नसतात, आणि म्हणूनच लवकर झिजतात. मोठ्या कवीच्या हातात तेही जिवंत होतात, पण नवशिक्यानं त्यांच्यापासून जपून राहावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ वाचा, आठच ओळी आहेत. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट. ओळीमागून ओळ नुसतं चित्र. हे म्हणजे ते, असं कवी कुठेच सांगत नाही. आणि मग अखेरची ओळ: ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. झाडाला फक्त बसायला लावलं, पाय पाण्यात सोडून. तो उदास आहे की निवांत, हे त्यांनी लिहिलेलं नाही. मी ती ओळ कधी अशी वाचतो, कधी तशी, आणि दोन्ही वेळा त्या डोहाचं पाणी गार लागतं.