‘सायंप्रार्थना’, ‘रात्रप्रार्थना’ आणि दिवसाची ‘सांगता’

प्रश्न असा आहे: झोपण्यापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनेला, म्हणजे ‘कॉम्प्लिन’ला, मराठीत ‘सायंप्रार्थना’ म्हणावे की ‘शयनप्रार्थना’, आणि या प्रार्थनेने दिवस ‘संपवला’ असे म्हणणे योग्य आहे का?

‘सायंप्रार्थना’ हा शब्द येथे टाळावा, कारण तो दुसऱ्या उपासनेसाठी लागतो. मठांच्या दिनक्रमात सूर्यास्ताच्या सुमारास ‘व्हेस्पर्स’ होते आणि निजण्यापूर्वी कॉम्प्लिन. या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. गोंधळ होण्यास इतिहासही कारणीभूत आहे, कारण चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकात दोन्हींतील अंश एकत्र करून एकच सायंकालीन उपासना बांधण्यात आली आणि कॉम्प्लिनमधले शिमोनाचे गीत (बाळ येशूला पाहिल्यावर वृद्ध शिमोनाने काढलेले उद्गार) तिच्यात गेले.

‘शयनप्रार्थना’ या शब्दाच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. रोमन कॅथलिक उपासनाविधीच्या आजच्या नियमांनुसार ही दिवसाची शेवटची प्रार्थना असून ती झोपण्यापूर्वी, प्रसंगी मध्यरात्र उलटल्यावरही म्हणायची असते; म्हणजे तिची वेळ घड्याळावर नव्हे, निजण्यावर ठरते. तरीही या शब्दामुळे सगळे लक्ष झोपेकडे जाते आणि प्रार्थनेतला दिवसाचा हिशेब मागे पडतो. त्यामुळे सर्वसाधारण लेखनात ‘रात्रप्रार्थना’ हाच शब्द मला अधिक योग्य वाटतो. (निरनिराळ्या परंपरांनी हिला निरनिराळ्या अंगांनी नावे दिली आहेत: ग्रीक नावाचा अर्थ ‘भोजनोत्तर’, तर पश्चिम सिरियाक परंपरेतील ‘सूतोरो’ या नावाचा अर्थ ‘रक्षण’.)

प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘कॉम्प्लिन’ हे नाव ज्या लॅटिन ‘कॉम्प्लेतोरियुम’पासून आले, त्याच्या मुळाशी भरून पुरे करण्याचा अर्थ आहे. मराठीत साठा संपतो, मुदत संपते. व्रताची मात्र सांगता होते. ‘सांगता’ म्हणजे स-अंगता, सर्व अंगांसह पूर्णत्व. ‘यथासांग’मध्येही तेच ‘सांग’ आहे. रात्रप्रार्थनेची रचना पाहिली, तर हा शब्द तिला किती नेमका बसतो ते कळते. आरंभी दिवसभराच्या वर्तनाची आत्मपरीक्षा होते आणि जे उणे राहिले ते देवापुढे मान्य केले जाते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीने या प्रार्थनेसाठी रोजची तीन स्तोत्रे ठरवून दिली, मराठी बायबलच्या क्रमांकांनुसार ४, ९१ आणि १३४. त्यांतील पहिल्यात देवाच्या भरवशावर निर्धास्त झोपी जाण्याची भाषा आहे, तर दुसऱ्यात रात्रीच्या भयापासून रक्षणाची. पाश्चात्त्य परंपरेत शिमोनाचे गीतही येते. लूककृत शुभवर्तमानातील या वृद्धाने बाळ येशूला हातांत घेतल्यावर आता आपल्याला शांतीने जाऊ द्यावे असे म्हटले, आणि ते त्याने आयुष्य नुसते सरले म्हणून नव्हे, तर दिलेले वचन पुरे झाले म्हणून म्हटले. आशीर्वादातही शांत रात्रीबरोबर ‘परिपूर्ण शेवट’ मागितला जातो, ज्यात आजच्या दिवसाचा आणि आयुष्याचा असे दोन्ही शेवट अभिप्रेत असतात. म्हणून ‘रात्रप्रार्थनेने दिवसाची सांगता केली’ असे लिहावे; ‘दिवस संपवला’ हे व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही, पण त्यात पूर्णत्वाची ही छटा उरत नाही.

याच प्रार्थनेत ३१व्या स्तोत्रातील ‘तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो’ हा भाव येतो. येथे ‘सोपवणे’ हेच क्रियापद ठेवावे. येशूने वधस्तंभावर हेच शब्द उच्चारले, त्यामुळे ‘प्राण सोडणे’ या वाक्प्रचारावरून ‘सोडणे’ वापरण्याचा मोह होऊ शकतो. परंतु सोडलेल्या गोष्टीचा सांभाळ कोणाकडे असेलच असे नाही, आणि सोपवलेली गोष्ट विश्वासाच्या हाती असते.

क्रियापदाविषयी आणखी थोडेसे. ठरलेली स्तोत्रे आणि गीते असलेली रात्रप्रार्थना ‘म्हटली’ जाते. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलणे असेल, तर प्रार्थना ‘केली’ असे लिहावे.