ओनॉसमध्ये स्विच दिसतात पण पिंग होत नाही. कंट्रोलर बदलायचा का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: फायनल इयर प्रोजेक्टसाठी ओनॉस हा एसडीएन कंट्रोलर (नेटवर्कमधल्या सगळ्या स्विचना एका जागेवरून नियम देणारं सॉफ्टवेअर) डॉकर कंटेनरमध्ये चालवला, मिनिनेट या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या साधनात खोली (डेप्थ) २ चं ट्री टोपोलॉजी, म्हणजे झाडासारखी जोडणी, उभं केलं, वेब पानावर तिन्ही स्विच दिसले. पण होस्ट (स्विचला जोडलेली मशीन) एकही दिसत नाही आणि पिंगऑल (प्रत्येक होस्टने बाकी सगळ्यांना पिंग करायची कमांड) सगळे पॅकेट ड्रॉप झाल्याचं सांगतं. म्हणून ओनॉस सोडून ओपनडेलाइट हा दुसरा कंट्रोलर घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

सोडू नका. स्विच दिसतात याचा अर्थ ओपन व्हीस्विच (मिनिनेट वापरतं तो सॉफ्टवेअर स्विच) आणि ओनॉस यांचं ओपनफ्लोवरचं (स्विच आणि कंट्रोलर यांच्यातल्या प्रोटोकॉलवरचं) बोलणं सुरू झालंय. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. तुमचं पुढे अडलंय, आणि तिथलं कारण समजून घेतलंत तर एसडीएनचा गाभाच हाती लागेल.

साध्या स्विचमध्ये कुठला मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर आहे हे स्विच स्वतः शिकतो. इथे ती अक्कल स्विचमधून काढून घेतलेली असते. मिनिनेट ओपन व्हीस्विचला ‘सिक्युअर’ मोडमध्ये चालू करतं, म्हणजे कंट्रोलरने नियम दिला नसेल तर पॅकेट सरळ टाकून द्यायचं. (हाच मोड ‘स्टँडअलोन’ असेल तर कंट्रोलर बंद असतानाही पिंग होतं आणि सगळं चालतंय असा भास होतो. त्यामुळे नुसतं पिंग झालं हा कंट्रोलर चालल्याचा पुरावा मानू नका.) आणि ओनॉसचा गाभा तरी काय करतो? स्विच, लिंक, होस्ट यांचा नकाशा सांभाळतो. पॅकेट कुठे पाठवायचं हे ठरवतं त्याच्यावर चालणारं अ‍ॅप. ते अ‍ॅप बंद असेल तर नकाशा दिसतो, वाहतूक होत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय असं वाटतं.

पोर्ट ८१०१ वर एसएसएचने ओनॉसच्या कमांड लाइनमध्ये शिरा. युजर ‘ओनॉस’ आणि पासवर्ड ‘रॉक्स’, दोन्ही इंग्रजी लहान लिपीत. तिथे चालू अ‍ॅपची यादी मागवा आणि दोन नावं शोधा: ‘ओपनफ्लो’ आणि ‘एफडब्ल्यूडी’ या लघुनावाचं रिअ‍ॅक्टिव्ह फॉरवर्डिंग, म्हणजे पॅकेट आलं की वाट ठरवणारं अ‍ॅप. दुसरं नसेल तर ते अ‍ॅक्टिव्हेट करा. पहिल्याबाबत एक बारकावा आहे. ‘ओपनफ्लो-बेस’ नावाचं वेगळं अ‍ॅपही असतं. तेवढंच चालू केलं तर स्विच जोडले जातात, पण लिंक शोधणारा एलएलडीपी प्रोव्हायडर आणि होस्ट ओळखणारा होस्ट प्रोव्हायडर सोबत येत नाहीत. म्हणून वेब पानावर नीट बघा. तीन स्विच एकमेकांना जोडणाऱ्या रेषा दिसतात का? रेषाही नसतील तर फक्त बेस चालू आहे. पूर्ण ‘ओपनफ्लो’ अ‍ॅप चालू करा. रेषा असतील तर एफडब्ल्यूडीचाच प्रश्न.

होस्ट न दिसण्याची भीती बाळगू नका. होस्टने तोंड उघडेपर्यंत, म्हणजे त्याच्याकडून एआरपीसारखं (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारं) एखादं पॅकेट येईपर्यंत, ओनॉसला तो आहे हे कळायचा मार्गच नाही. एकदा पिंगऑल चालवा आणि मग टोपोलॉजीच्या पानावर कीबोर्डवरचं ‘एच’ दाबा. चार होस्ट दिसायला हवेत, आणि पिंगऑलच्या शेवटी १२ पैकी १२ पोचल्याची ओळ.

ज्यांच्याकडे स्विचच दिसत नाहीत आणि जे हे उत्तर वाचतायत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनफ्लोचा जुना पोर्ट ६६३३, अधिकृत पोर्ट ६६५३. मिनिनेटच्या कमांडमध्ये रिमोट कंट्रोलरचा पोर्ट स्पष्ट ६६५३ लिहा. डॉकर चालवताना ८१८१ (वेब पानाचा पोर्ट) आणि ८१०१ बरोबर ६६५३ सुद्धा बाहेर काढा, तो हटकून विसरला जातो. मिनिनेट व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि कंट्रोलर बाहेरच्या विंडोजवर असेल तर १२७.०.०.१ चालणार नाही. त्या मशीनसाठी तो पत्ता म्हणजे ते स्वतः. आणि ओपन व्हीस्विचची स्थिती मागवल्यावर कंट्रोलरच्या ओळीखाली ‘कनेक्टेड: ट्रू’ दिसत नाही तोवर अ‍ॅपच्या वाटेला जाऊच नका.

आता तुमचं पिंग झालं असं धरतो. इथे थांबू नका, कारण खरी मजा पुढेच आहे. पहिल्या स्विचचे फ्लो, म्हणजे त्यात लिहिलेले नियम, बघा, ओपनफ्लो १.३ असं सांगून. ४०००० प्राधान्याचे नियम दिसतील: एआरपी आणि लिंक शोधायची पॅकेटं कंट्रोलरकडे पाठवा. खाली ५ प्राधान्याचा नियम: आयपी पॅकेट आलं तर तेही कंट्रोलरकडे. आता पहिल्या आणि चौथ्या होस्टमध्ये पिंग सुरू ठेवून पुन्हा बघा. १० प्राधान्याचे नवे नियम आलेले असतील, इनपुट पोर्ट आणि दोन्ही मॅक पत्त्यांसकट. पहिलं पॅकेट कंट्रोलरकडे गेलं, त्याने वाट काढून नियम लिहिले, पुढची पॅकेटं स्विचनेच परस्पर नेली. म्हणून पहिल्या पिंगला लागलेला वेळ बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त असतो. पिंग थांबवा, जरा वेळाने परत बघा: नियम गायब. रिअ‍ॅक्टिव्ह फॉरवर्डिंगचे नियम मुळात १० सेकंद निष्क्रिय राहिले की काढले जातात. व्हायव्हामध्ये हे परीक्षकांसमोर चालवून दाखवलंत तर वेगळी स्लाइड लागणार नाही.

आता ओपनडेलाइटबद्दल. २०१३ मध्ये लिनक्स फाउंडेशनने सुरू केलेला हा मोठा प्रकल्प आहे आणि आजही त्याच्या आवृत्त्या येतात, हायड्रोजनपासून सुरू झालेल्या मूलद्रव्यांच्या नावांनी. पण विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी बरीच ट्यूटोरियल्स बेरिलियमच्या काळातली, म्हणजे २०१६ च्या आसपासची आहेत. त्यांतलं डीलक्स हे वेब पान नव्या आवृत्त्यांत नाही, आणि त्या जुन्या आवृत्त्यांना जावा ८ सारखं जुनं जावा लागतं. म्हणजे एक अडचण सोडून दुसरी पदरात. शिवाय दोन्ही कंट्रोलर कराफ या जावाच्या चौकटीवर बांधलेले, ८१८१ आणि ८१०१ हेच पोर्ट वापरतात. एका मशीनवर दोन्ही लावून बघायला जाल तर भांडतील. यांग मॉडेल आणि नेटकॉन्फवर (उपकरणांचं कॉन्फिगरेशन मांडायची भाषा आणि ते बदलायचा प्रोटोकॉल) काम करायचं असेल तर मात्र मी ओपनडेलाइटच सुचवेन.

पायथनमध्ये स्वतःचं लॉजिक लिहायचं असेल तर रियू हा तिसरा कंट्रोलर शिकायला फार सुंदर आहे, संपूर्ण लर्निंग स्विच (मॅक पत्ते स्वतः शिकणारा) एका छोट्या फाइलमध्ये वाचता येतो. फक्त ईव्हेंटलेट या त्याला लागणाऱ्या पायथन लायब्ररीच्या नव्या आवृत्तीबरोबर तो सुरू होताना इम्पोर्टची एरर देतो, ईव्हेंटलेट ०.३०.२ वर ठेवलं की चालतो.

प्रोजेक्टसाठी माझी सूचना: ओनॉसवरच राहा आणि ३ बाय ३ चं टोरस टोपोलॉजी, म्हणजे कडाही एकमेकींना जोडलेली स्विचची जाळी, घ्या. त्यात लूप आहेत. रियूच्या साध्या स्विचवर हे चालवलं तर ब्रॉडकास्टचं वादळ उठतं, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली पॅकेटं लूपमध्ये फिरतच राहतात. ओनॉसला पूर्ण नकाशा माहीत असल्यामुळे तो ब्रॉडकास्ट एका झाडापुरता मर्यादित ठेवतो. मग एफडब्ल्यूडी बंद करा, प्रॉक्सी एआरपी (होस्टच्या एआरपी प्रश्नांना ओनॉसकडूनच उत्तर देणारं अ‍ॅप) चालू ठेवा आणि दोन होस्टमध्ये होस्ट इंटेंट टाका. तुम्ही फक्त ‘या दोघांना जोड’ म्हणता, वाट ओनॉस काढतो. पिंग चालू असताना मिनिनेटमधून त्या वाटेवरची एक लिंक पाडा, इंटेंट दुसऱ्या वाटेने पुन्हा बसतो. लिंक पडल्यापासून पिंग परत सुरू होईपर्यंतचा वेळ मोजलात, टोपोलॉजी मोठं करत पुन्हा मोजलात, की रिपोर्टमध्ये तुमचे स्वतःचे आकडे येतील. दरवेळी मिनिनेटची साफसफाईची कमांड आधी चालवा, नाहीतर मागच्या वेळचे स्विच शिल्लक राहून आकडे बिघडतात.

कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर तो मूळ पासवर्ड आधी बदला आणि ८१८१ बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका. एफडब्ल्यूडी चालू करूनही पिंग झालं नाही तर चालू अ‍ॅपची यादी, ओपन व्हीस्विचची स्थिती आणि पहिल्या स्विचचे फ्लो, एवढं कमेंटमध्ये टाका. मी बघतो.