प्रवासी नव्हते म्हणून 'वायुदूत' बंद पडली का?

विमानं रिकामी उडायची म्हणून वायुदूत ही सरकारी विमान कंपनी बुडाली का, असं इथे विचारलं गेलंय. हे अर्धंच खरं आहे.

मी १९८७ मध्ये आसामात दिब्रुगडला नोकरीला होतो. अरुणाचलातल्या पासीघाटला जायचं तर आधी फेरीबोटीने ब्रह्मपुत्रा ओलांडावी लागे. बोगीबीलचा पूल झाला थेट २०१८ च्या डिसेंबरात! पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडची माणसं पलीकडेच अडकायची. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने मिळून २६ जानेवारी १९८१ ला वायुदूत सुरू केली, ती आधी या ईशान्येसाठीच. सुरुवातीला जुनी फोकर फ्रेंडशिप विमानं होती. मग १९ आसनी डॉर्नियर आलं, आखूड धावपट्टीवर सहज उतरणारं. पुढे ते हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यातच बनू लागलं.

आता खर्चाचं बघा. १९ माणसांच्या विमानालाही वैमानिक दोन, इंजिनं दोन आणि देखभाल काटेकोर. हा सगळा खर्च मोजक्या तिकिटांवर पडतो. विमान भरून गेलं तरी पासीघाटच्या माणसाला परवडेल अशा भाड्यात तो निघत नाही. मग तूट कोणी सोसायची? हे कधी नीट ठरलंच नाही. त्यात जो तो आपल्या गावाला विमान मागू लागला आणि दशक संपेतो वायुदूतचं जाळं जवळपास शंभर ठिकाणी पसरलं. माझ्या मते घात झाला तो इथे.

अपघातही झाले. १९ ऑक्टोबर १९८८ ला गुवाहाटीजवळ ३४ जण गेले. पुढच्याच वर्षी पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर उजनीच्या जलाशयात कोसळलं. सोलापूर-इंदापूरकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि १९९७ पर्यंत नावही संपलं.

लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेने ही तूट उघडपणे मान्य केली. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून ती भरून काढली जाते, हे मला फार योग्य वाटतं. पण मदत तीनच वर्षं, ही अट दुर्गम भागाला लावू नये. तिथली वस्ती तीन वर्षांत वाढत नाही, डोंगरही हलत नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने कानपूरचंच डॉर्नियर दिब्रुगडहून पासीघाटला नेलं. ती बातमी मी दोनदा वाचली. मला भरून आलं.