राउटरचा पासवर्ड वेगळा असतो का?

प्रश्न : वायफायचा पासवर्ड मी बदलला आहे, तरीही राउटरचा पासवर्ड निराळा असून तोही बदलायला हवा, असे मुलगा म्हणतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. वायफायचा पासवर्ड घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश देतो, तर राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड त्या नेटवर्कचा सारा कारभारच हाती देतो, आणि अनेक जुन्या राउटरांवर तो कारखान्यातून आल्यापासून ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिलेला असतो. २०१६ साली ‘मिराय’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या अशाच वापरकर्ता-नाव व पासवर्डच्या साठेक ठरावीक जोड्या वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर सेटिंग्जचा पत्ता बहुधा छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाइप करून तेथे पासवर्ड आजच बदलावा आणि फर्मवेअरही (राउटरमधील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे.