एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममध्ये माझं लाकूड पडून राहतं आणि सोनं कायम कमी पडतं. मार्केटमध्ये विकत राहावं का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. माझीही स्क्रीन कितीतरी दिवस अशीच असायची: लाकूड १,८००, सोनं ४०, दोन तबेले रिकामे. मीही मार्केट उघडून विक्रीचं बटण खटाखट दाबायचो.

त्यात काय जातं ते आधी बघा. शंभर लाकूड किंवा फूडचा भाव १०० सोन्यापासून सुरू होतो, दगडाचा १३० पासून. अडत ३० टक्के! म्हणजे १०० लाकूड विकलं की हातात ७० सोनं, आणि १०० फूड घ्यायला गेलात की १३० मोजायचे. वर दर विक्रीला भाव ३ ने उतरतो. सलग दहा वेळा विकलंत तर १,००० लाकडाचं जेमतेम ६०० सोनं होतं, दहाव्या क्लिकला फक्त ५१. त्याच सोन्याने फूड घेतलंत तर साधारण २०० लाकूड घालवून १०० फूड पदरात. बाजार समितीतल्या अडत्यालाही लाज वाटेल.

तुमचं दुखणं व्हिलेजर (कामकरी माणसं) कुठे लावलेत त्यात आहे. तबेल्यातून निघणाऱ्या एका नाइटला (घोडेस्वाराला) ६० फूड, ७५ सोनं आणि ३० सेकंद लागतात. दोन तबेले अखंड चालवायचे तर मिनिटाला २४० फूड, ३०० सोनं. शेतावरचा माणूस मिनिटाला साधारण २० फूड आणतो, खाणीवरचा थोडं जास्त. म्हणजे शेतावर १२, सोन्यावर १३-१४, शिवाय एका टाउन सेंटरमधून (मुख्य इमारतीतून) व्हिलेजर निघत राहायला आणखी ६ शेतं. आता तुमच्या लाकडावर किती जण आहेत ते मोजा. लाकूड ५०० च्या वर गेलं आणि लगेच काही बांधायचं नसेल, तर मी तिथून पाच जण उचलतो आणि सरळ सोन्यावर पाठवतो.

मार्केट कामाला येतं ते घोडं थोडक्यात अडलेलं असतं तेव्हा. कॅसल एजला (पुढच्या युगात जायला) ८०० फूड, २०० सोनं हवं, तुमच्याकडे ७१० फूड आहे. घ्या शंभर, १३० सोनं गेलं तरी चालेल. सुरुवातीचा २०० दगड विकायचा मोहही होतो (पहिल्या शंभराला ९१ मिळतात), पण पुढे जादा टाउन सेंटर बांधायचे असतील तर प्रत्येकाला १०० दगड लागतो, मग हात लावू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. भाव सगळ्या खेळाडूंना एकच असतो. एका रात्री मामेभावाशी खेळताना सहज मार्केटवर क्लिक केलं, तर लाकडाचा भाव ६१. मी एकदाही विकलं नव्हतं. म्हणजे तेरा वेळा त्याने विकलं होतं, म्हणजे त्याचं सोनं संपत आलं होतं. आता हा बिनसोन्याचे भालेवाले आणि स्कर्मिशर (भाला फेकणारे) काढणार हे उघड होतं. मी नाइट थांबवले, मँगोनेल (दगड फेकणारी यंत्रं) काढले. (त्यात माझं पडून असलेलं लाकूडही खपलं.) पाच मिनिटांनी त्याचा घोळका आला आणि दोन दगडांत आडवा झाला. तो अजून म्हणतो मी त्याची स्क्रीन बघत होतो.

म्हणूनच विकायचंच असेल तर नकाशावरचं सोनं आटायच्या जरा आधी विका. सगळे एकदम विकायला बसले की भाव २० पर्यंत घसरतो, मग १०० लाकडाला १४ सोनं. तोवर रेलिक (नकाशावर पडलेले पवित्र अवशेष) गोळा करून ठेवा, प्रत्येकातून मिनिटाला ३० सोनं येतं, तेही फुकट. टीममध्ये खेळत असाल तर साथीदाराच्या मार्केटला ट्रेड कार्ट (व्यापारी गाड्या) लावा, मार्केट जितकं लांब तितकी कमाई जास्त.

हे सगळं गणित खेळायला सॅरासेन ही संस्कृती घेतलीत तर बदलतं, त्यांना अडत फक्त ५ टक्के. मामेभाऊ हल्ली तीच घेतो.