ए-२ पातळी आली, म्हणून माध्यम बदलावे का?

प्रश्न : आमचा मुलगा निफाड तालुक्यात आठवीला, सेमी इंग्रजीत आहे. शाळेत त्याला इंग्रजीत चांगले गुण पडतात. परंतु नाशिकमधील एका खासगी क्लासच्या चाचणीत त्याची पातळी ‘ए-२’ निघाली. नववीपासून त्याला इंग्रजी माध्यमात घालावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ए-२ हा नापासाचा शेरा नव्हे. ए-१ (सर्वांत खालची) ते सी-२ (सर्वांत वरची) या सहा पातळ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक आराखड्यातील असून, विद्यार्थ्याला भाषा वापरून प्रत्यक्ष काय करता येते, एवढेच त्या सांगतात. लासलगावच्या कांदा लिलावाविषयी विचारले असता ‘आज भाव कमी आहे, बाबा नाराज आहेत’ असे सुटे सुटे इंग्रजीत सांगणारा मुलगा साधारण ए-२ वर असतो; भाव का पडला, आपण माल का थांबवला, हे कारणांसह सलग सांगू लागला की तो बी-१ कडे सरकला. शालेय लेखी परीक्षेत उतारे, व्याकरण आणि पत्रलेखन यांनाच अधिक वजन असल्यामुळे उत्तम गुण आणि ए-२ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

क्लासकडे श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन यांच्या पातळ्या स्वतंत्रपणे मागाव्यात. त्या न देता थेट फीचा तक्ता पुढे केला जात असेल, तर काय ते समजून घ्यावे.

माध्यम बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेमीमध्ये गणित आणि विज्ञान तो इंग्रजीतूनच शिकतो आहे. बदल केल्यास दहावी दोन वर्षांवर असताना इतिहास-भूगोलही इंग्रजीत येतील आणि इंग्रजी प्रथम भाषा म्हणून अधिक कठीण पाठ्यपुस्तकासह अभ्यासावी लागेल, तरीही बोलण्याचा सराव होईलच असे नाही.

ए-२ वरून बी-१ गाठण्यास मार्गदर्शनाखालील सुमारे १५० ते २०० तास लागतात, असा इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिज या संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे महिनाभरात फाडफाड इंग्रजी शिकवण्याच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करावे. विज्ञानाचा धडा संपला की त्याने तो पुस्तक मिटून दोन मिनिटे इंग्रजीत सांगावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा ऐकवावा. पुढील चाचणी नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत द्यावी, त्याआधी नको.